मदत हवी आहे: ग्रिडपिक्समध्ये इलेक्ट्रॉन कमी मोजले जात आहेत

वायू-डिटेक्टरवर काम करणारं कुणी इथे असेल तर जरा डोकं लावा.

टाइमपिक्स-3 या पिक्सेल-चिपवरचं ग्रिडपिक्स (चिपवरच जाळी घडवलेला वायू-डिटेक्टर; वायूत सुटे झालेले इलेक्ट्रॉन टिपतो) वापरतोय. 256 गुणिले 256 पिक्सेल, एकेक 55 मायक्रॉनचा, आणि 50 मायक्रॉन वर अॅल्युमिनियमची जाळी. जाळी चिपवरच घडवलेली असल्याने प्रत्येक छिद्र नेमकं आपल्या पिक्सेलवर येतं. (मायक्रोमेगास प्रकारची सुटी जाळी ठेवली तर छिद्रं आणि पिक्सेल जुळत नाहीत आणि मुआरे पट्टे, म्हणजे कमी-जास्त मोजणीचे पट्टे, दिसतात; त्या भानगडीत आम्ही पडलो नाही.) एक इलेक्ट्रॉन, एक पिक्सेल. म्हणजे विद्युतभारित कणाच्या वाटेवरचे इलेक्ट्रॉन चक्क मोजता यायला हवेत.

गाडी तिथेच अडली आहे. वायू आर्गॉन 95 टक्के, आयसोब्युटेन 5 टक्के, ड्रिफ्ट (इलेक्ट्रॉनने जाळीपर्यंत वाहत यायचं अंतर) 3 सेंमी, आयर्न-55 चा क्ष-किरण स्रोत कॅथोडच्या, म्हणजे जाळीसमोरच्या, बाजूने. त्याच्या 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका क्ष-किरणाला साधारण 225 इलेक्ट्रॉन हवेत. शिखर येतंय 170 च्या आसपास. एस्केप पीकही (आर्गॉनचा स्वतःचा क्ष-किरण निसटल्याने कमी ऊर्जेवर दिसणारं दुसरं शिखर) त्याच प्रमाणात खाली, तेव्हा घोळ एका ठरावीक ऊर्जेचा नाही.

संशय तिघांवर. दोन इलेक्ट्रॉन एकाच छिद्रात शिरत असतील. लहान हिमस्खलन (जाळीखाली एका इलेक्ट्रॉनपासून हजारो होण्याची साखळी) थ्रेशोल्डखाली, म्हणजे पिक्सेल नोंद घेतो त्या किमान भाराखाली, राहत असेल. नाहीतर ऑक्सिजन वाटेतच इलेक्ट्रॉन गिळत असेल. क्लस्टरच्या (एका क्ष-किरणाने उठवलेल्या ठिपक्यांच्या पुंजक्याच्या) पसाऱ्याप्रमाणे इलेक्ट्रॉनचा आकडा मांडला तर तो आधी चढतो आणि सर्वांत पसरट क्लस्टरना पुन्हा उतरतो. हे उतरणं मला खटकतंय.

हिमस्खलन मोठं व्हावं म्हणून जाळीचा व्होल्टेज वाढवू का? चिपवर सिलिकॉन नायट्राइडचा संरक्षक थर आहे, तरी ठिणगीची धास्ती वाटते.

प्रतिसाद:
व्होल्टेजला इतक्यात हात लावू नका. आधी एकट्या पिक्सेलचा टीओटी (टाइम ओव्हर थ्रेशोल्ड: संकेत थ्रेशोल्डच्या वर राहतो तो वेळ, त्यावरून भार कळतो) आलेख काढा. डावीकडची बाजू थ्रेशोल्डपाशी कापल्यासारखी दिसली तर गेन (एका इलेक्ट्रॉनमागे हिमस्खलनात सरासरी किती होतात ते) कमी आहे. हिमस्खलनाचं वितरण घातांकी धरलं, तर 1000 इलेक्ट्रॉनच्या थ्रेशोल्डला 4000 गेनवर जेमतेम 78 टक्के इलेक्ट्रॉन दिसतात. तुमचा आकडा याच्या फार जवळ आहे, म्हणून माझा पहिला संशय इथेच.

ऑक्सिजनमुळे टीओटीचा आकार बदलत नाही, फक्त संख्या घटते. पसरट क्लस्टर म्हणजे लांबून आलेले इलेक्ट्रॉन. आकडा तिथेच पडत असेल तर वायूचा प्रवाह वाढवून बघा. हवा आत गळत असेल तर पसरट क्लस्टरकडचं आलेखाचं शेपूट लगेच वर येईल.

मूळ लेखक:
टीओटीची डावी बाजू कापलेलीच आहे, आत्ताच काढून बघितलं. मग सगळ्या पिक्सेलचा थ्रेशोल्ड समान करून खाली आणतो. पण व्होल्टेज पुढे वाढवावाच लागला, तर हिमस्खलनातल्या अतिनील फोटॉनमुळे सुटणारे आणि शेजारच्या पिक्सेलवर सांडणारे फालतू हिट्स कसे वेगळे काढता? वेळेवरून की टीओटीवरून?