फुकटचा फॉन्ट कन्व्हर्टर बंद करावा म्हणतोय

वेलांटी_नाशिक

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

२०१६ मध्ये वडिलांचे जुने लेख पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायलींत अडकले होते. फॉन्ट जुना. नव्या मशीनवर उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि स्वल्पविरामांचा खच. ते सोडवायला एक कन्व्हर्टर लिहिला. डाव्या चौकटीत जुना मजकूर चिकटवा, उजवीकडून युनिकोड (कुठल्याही मशीनवर वाचता येणारी अक्षरं) घ्या, एवढंच एक वेबपान. वडिलांचे लेख सुटले. कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाकला, एमआयटी परवाना (कुणीही फुकट वापरा, बदला) लावला आणि विसरून गेलो. लोक विसरले नाहीत. हळूहळू डीटीपीवाले, दिवाळी अंकवाले, पीएचडीवाले, कुणाकुणाचे नातू असे सगळे वापरायला लागले. त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू.

काम दिसतं तितकं सरळ नाही. जुन्या फॉन्टांत अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने टाइप व्हायची, युनिकोड ती उच्चाराच्या क्रमाने साठवतं. 'आर्थिक' घ्या. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आधी आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. युनिकोडला हवं आ, र, हलन्त, थ, वेलांटी, क. म्हणजे वेलांटी थ-च्या नंतर न्यायची आणि रफार थ-च्या आधी आणायचा. मध्ये जोडाक्षर आलं की कुठवर उडी मारायची हे वेगळं ठरवायचं. त्यात प्रत्येक फॉन्टचा नकाशा, म्हणजे कुठल्या चिन्हाचं कुठलं अक्षर याचा तक्ता, निराळा. आजवर ५ फॉन्टांचे नकाशे हाताने केलेत. रविवारी सकाळी, मुलीचा तबल्याचा क्लास सुटेपर्यंत, खाली गाडीत बसून.

आता मूळ गोष्ट. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला वऱ्हाडाच्या बसमध्ये होतो. रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅप: "सर अर्जंट. २४० पानं. रफार गेले. उद्या प्लेटला जायचंय." म्हणजे छपाईला. मी लिहिलं, प्रवासात आहे, रविवारी बघतो. उत्तर आलं, "मग साइटवर लिहा ना की चालत नाही म्हणून. आमचं नुकसान कोण भरून देणार?" दुसऱ्या दिवशी तेच डीटीपीवाल्यांच्या एका ग्रुपवर फिरलं, खाली कुणीतरी लिहिलेलं, "फुकटचं आहे, असंच असणार."

असंच असणार! बायकोने तो मेसेज वाचून शांतपणे विचारलं, "हे लोक तुला किती देतात?" उत्तर तिलाही माहीत होतं.

मदत म्हणाल तर ती एकदाच धो-धो आली. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट हा मुक्त प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम चालू होता, ४ पुल रिक्वेस्टवर (कोडमध्ये सुचवलेल्या बदलांवर) टी-शर्ट. माझ्याकडे एका आठवड्यात ९ आल्या, सगळ्या रीडमी या माहितीच्या फाइलवर. एकाने तळाशी फक्त 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं जोडलं होतं. नकाशांना कुणी हातही लावला नाही.

दिवसा मी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिथे मार्चअखेर असली की घरी जेवायला जात नाही. हे दुसरं ओझं आता नको वाटतं. पान काढून टाकू? कुणाला देऊन टाकू? की लोकांचं खरंच काही देणं लागतो मी?

---

टर्मिनलवाला

काही लागत नाही. परवाना उघड, मोठ्या लिपीतला शेवटचा परिच्छेद वाच. 'जसं आहे तसं', कुठलीही हमी नाही. तो परिच्छेद या व्हॉट्सअ‍ॅपवाल्यासाठीच लिहिलेला असतो.

इंटरनेटवरून फायली आणणाऱ्या कर्ल या फुकट प्रोग्रामचं उदाहरण देतो. जानेवारी २०२२, लॉगफोरजे या दुसऱ्या फुकट सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या भोकाचा गोंधळ ताजा. एका बड्या अमेरिकन कंपनीने कर्लच्या डॅनियल स्टेनबर्गला मेल टाकला: तुमच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेबद्दलच्या या प्रश्नांची २४ तासांत उत्तरं द्या. ग्राहकाने पुरवठादाराला फर्मान सोडावं तसा. पैसे कधी दिले नव्हते, करार नव्हता. त्याने कळवलं की सपोर्टचा करार करा, आनंदाने उत्तरं देतो. तूही एक ओळ तयार ठेव: "तातडीचं काम असेल तर पानाला अमुक रुपये." अर्जंट किती अर्जंट होतं ते लगेच कळेल.

बंद कर आणि झोप.

---

प्रूफवाली_सांगली

वेलांटीदादा, मी विरुद्ध बाजूची. २२ वर्षं डीटीपी करते. तुमचा कन्व्हर्टर माझ्या बुकमार्कमध्ये पहिला आहे आणि मी तुम्हाला आजवर धन्यवादसुद्धा लिहिलेले नाहीत. ते आज घ्या. आता भांडते.

टर्मिनलवाल्या भाऊंनी सांगितलेला परवाना कुठे आहे? मी आत्ता जाऊन पाहिलं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, इंग्रजीत. आणि वरती मोठ्या अक्षरांत मराठीत काय लिहिलंय? 'अचूक आणि झटपट मराठी कन्व्हर्टर'. त्याखाली तुमचा मोबाइल नंबर. दादा, अचूक हा शब्द आम्ही लिहिला नाही. नंबरही आम्ही शोधून काढला नाही.

आमच्या धंद्यात सॉफ्टवेअर म्हणजे माणूस असायचा हे समजून घ्या. डीलर दुकानात यायचा, डोंगल (सॉफ्टवेअर चालवायची किल्ली) लावून द्यायचा, अडलं की फोन करायचा, तो शिव्या देत का होईना पण यायचा. त्याचे पैसे मोजलेले असायचे. त्या सवयीने लोक तुम्हाला फोन करतात. फुकट आणि विकत यातला फरक त्यांना कळत नाही असं नाही, पण तुमच्या पानावर तो दिसत नाही. त्या माणसाने जे लिहिलं ते वाईटच लिहिलं, त्याची बाजू घेत नाही. प्लेटला जायच्या आदल्या रात्री २४० पानं कन्व्हर्ट करणाऱ्याला मी कामावर ठेवणार नाही.

आता रफाराचं. सगळे रफार गेले नसणार. तुम्ही त्याची फाइल बघितलीत का? मी पैजेवर सांगते, 'कार्य', 'धर्म', 'आर्थिक' शाबूत असतील. गेले असतील ते 'सर्वांना', 'वर्षांत', 'कार्यांचा' यातले. या फॉन्टांत रफार आणि अनुस्वार एकत्र असलेलं एक वेगळंच चिन्ह असतं. काना दिल्यावर वर रफार आणि टिंब वेगवेगळं टाइप केलं तर एकमेकांवर चढतं, म्हणून आम्ही ते जोडचिन्ह वापरतो. ते तुमच्या नकाशात नाही. मला हे ३ वर्षांपासून माहीत आहे. मी रफार-टिंबवाले शब्द शोधून हाताने दुरुस्त करते, दर पुस्तकाला अर्धा तास जातो.

तुम्ही म्हणाल, मग सांगितलं का नाही? कुठे सांगायचं? पानावर 'इश्यू' म्हणून दुवा आहे, तो दाबला की इंग्रजीत खातं उघडायला सांगतो. मला वाटायचं ते प्रोग्रामर लोकांचं आहे, आपण तिथे गेलो तर हसतील. फोन करावा तर तुमची झोपमोड. म्हणून गप्प बसले.

आणि एक कबुली. मागे एका संस्थेच्या स्मरणिकेत तुमच्या कन्व्हर्टरने 'आचार्यांचा सत्कार' याचा 'आचाऱ्यांचा सत्कार' केला. छापून गेलं. व्यासपीठावर संस्कृतचे ४ पंडित बसलेले आणि हातात ही स्मरणिका. मी कुणाला बोलले नाही, कारण प्रूफ मीच वाचलं होतं.

---

पहाटपाळी_पुणे

'कुणाला देऊन टाकू' यावर फक्त बोलतो, कारण माझं पोट सर्व्हर सांभाळण्यावर आहे आणि २०२४ चा मार्च विसरलेलो नाही.

एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करायची लायब्ररी (इतर प्रोग्राम वापरतात तो तयार कोड) आहे, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. ती मुख्यतः एकट्या लासे कॉलिनच्या खांद्यावर होती. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर काही नावं त्याच्या मागे लागली: आवृत्त्या उशिरा येतात, तुला जमत नसेल तर दुसऱ्याला दे. त्याने सांगितलं की मानसिक आरोग्याची अडचण चालू आहे, आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे हे लक्षात असू द्या. मदतीला 'जिया टॅन' नावाचं कुणीतरी आधीपासून होतं, नेमाने पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवणारं. हळूहळू सूत्रं त्याच्याकडे गेली. फेब्रुवारी २०२४ च्या ५.६.० आवृत्तीत त्यानेच चोरदरवाजा बसवला. मार्चमध्ये ते उघडं पडलं: अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो खोदत गेला, म्हणून वाचलो. घाई करणारी ती नावंही त्याच डावातली होती असा दाट संशय आहे.

तुझ्या कन्व्हर्टरमधून कुणी बँक लुटणार नाही. पण लोक त्यात आपली अप्रकाशित हस्तलिखितं चिकटवतात. उद्या नव्या मालकाने मजकूर गुपचूप आपल्या सर्व्हरकडे पाठवायची एक ओळ घातली तर कुणाला कळणार? त्यामुळे वैतागाच्या भरात पहिल्या हात वर करणाऱ्याला चावी देऊ नकोस. त्यापेक्षा रिपॉझिटरी (गिटहबवरची कोडची जागा) गोठव, पान चालू ठेव, वर लिही की यात आता बदल होणार नाहीत.

पैशांबद्दल कुणीतरी विचारेलच: झेरोधा या शेअर ब्रोकर कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर्स, जगभरातल्या मुक्त प्रकल्पांसाठी. पण किमान अनुदानच १० हजार डॉलर्सचं आहे. रविवारच्या गाडीतल्या प्रकल्पाला ते झेपणार नाही, हिशोब देतानाच दमशील.

---

वेलांटी_नाशिक

सगळ्यांचे आभार. तीन दिवस लिहिलं नाही, कारण आधी प्रूफवालीताईंची पैज तपासत होतो.

ताई, जिंकलात. त्या माणसाकडून फाइल मागवली. (त्याने लगेच पाठवली, आणि 'त्या दिवशी जास्त बोललो' असंही लिहिलं. पुस्तक त्याने रात्रभर बसून हाताने दुरुस्त केलं होतं.) 'आर्थिक' शाबूत. 'सर्वांना' मोडलेलं. जोडचिन्हासाठी माझ्या नकाशात जागाच नव्हती, आणि जे ओळखू येत नाही ते माझा कोड मुकाट्याने गिळून टाकत होता. हे जास्त लागलं. नकाशात एक ओळ वाढवली, दुरुस्ती संपली. तुमचे ३ वर्षांचे अर्धे अर्धे तास त्या एका ओळीत होते. आता जे चिन्ह ओळखू येणार नाही ते पिवळ्या रंगात तसंच दिसेल.

'अचूक' शब्द काढला. खरं सांगू का, तो लिहिताना फक्त वडिलांचे लेख डोळ्यांसमोर होते आणि त्यांत तो खरा होता. नंबर काढला. वर आता मराठीत असं आहे: "हा कन्व्हर्टर एक जण फावल्या वेळात सांभाळतो. चुका होतात. छापण्याआधी प्रूफ वाचा. चूक सापडली तर खालच्या चौकटीत मूळ मजकूर आणि बरोबर मजकूर चिकटवा, खातं लागत नाही. उत्तर यायला महिना लागू शकतो." टर्मिनलवाला, तुझी पानाला अमुक रुपयेवाली ओळ नाही टाकली. पैसे घेतले की साडेअकराला उठावं लागेल.

पहाटपाळी, चावी कुणाला देत नाही. गोठवायचं मात्र तूर्त थांबवलंय.

ताई, एक मागणं आहे. कोड नको. तुम्हाला वर्षानुवर्षं हाताने दुरुस्त करावे लागलेले शब्द जुन्या फॉन्टमध्ये एका फाइलीत टाइप करून द्याल का, शेजारी बरोबर रूप? मी प्रत्येक बदलानंतर ती फाइल कन्व्हर्टरमधून फिरवीन. मला हे शब्द सुचतच नाहीत, कारण मी पुस्तकं लावत नाही.

---

प्रूफवाली_सांगली

६४ ओळी पाठवल्यात. ४१ वी आचार्यांची आहे, तिच्याखाली मुद्दाम आचाऱ्यांची ठेवली. दोन्ही बरोबर यायला हव्यात. माझ्या मशीनवर आत्ता फिरवून बघितलं, ४१ वी अजून स्वयंपाकघरातच आहे.

शिवाय हे बघा: तुमच्या उत्तरात 'ऱ्य' कधी नुक्त्याच्या ऱ-ने येतो, कधी र-हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर या न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. दिसायला सारखं, पण वर्डमध्ये 'दऱ्या' शोधलं की अर्ध्याच सापडतात. दोन्हींपैकी कुठलंही घ्या, पण एकच घ्या. घाई नाही, महिना चालेल.