मदत हवी आहे: स्क्रीन प्रिंटमध्ये दुसरा रंग सरकतो

पहिल्या वर्षाच्या २४ मुलांकडून ए३ पोस्टर करून घेतोय: एकच मोठं जोडाक्षर, दोन रंग, हाताने स्क्रीन प्रिंट. दुसरा रंग १ ते २ मिमी सरकतो, शिरोरेषेखाली पांढरी फट दिसते.

स्क्रीनच्या बिजागऱ्या घट्ट आहेत. टेबलावर कार्डाचे तीन थांबे आहेत (लांब बाजूला दोन, आखूड बाजूला एक), दोन्ही रंगांना कागदाच्या त्याच कडा टेकवतो. जाळी आणि कागदातलं अंतर ३ मिमी. चूक प्रत्येक प्रतीवर वेगळी येते, त्यामुळे पॉझिटिव्हचा (ज्या फिल्मवरून स्क्रीनवर आकार उतरवतो तिचा) दोष नसावा. संशय कागदावर आहे, ओलाव्याने तो फुगत असावा: अप्पा बळवंत चौकातून आणलेला १३० जीएसएम (दर चौरस मीटरला १३० ग्रॅम) कार्ट्रिज कागद, पाण्याची शाई, त्यात पुण्याची पावसाळी हवा. २२० जीएसएमवर सरकणं कमी झालं, थांबलं नाही.

ट्रॅप (दोन रंग कडेला एकमेकांवर चढतात तेवढी पट्टी) ०.५ मिमी पुरत नाही, १.५ केला की अक्षरांची पोटं (आतल्या मोकळ्या जागा) बुजतात. खोली बंदिस्त, म्हणून वाफा सोडणारी सॉल्व्हंटची शाई नको. सरळ ओव्हरप्रिंटही (एका रंगावर दुसरा पूर्ण छापणं) नको, कारण आकारात आकार बसवणं हाच तर धडा आहे.

सगळे कागद एकाच ग्रेनमध्ये (तंतूंच्या दिशेत) कापून, आदल्या दिवशी वर्गात उघडे ठेवल्याने फरक पडतो का? आणि अशा शाईला तुम्ही ट्रॅप नेमका किती ठेवता?