१६ जीबी रॅमवर क्रोमियम बिल्ड लिंकिंगला मरतो

खटपट्या:
क्रोमियम (क्रोमचा खुला सोर्स कोड) बांधतोय. उबंटू, १६ जीबी रॅम. जीक्लायंट सिंक (कोड आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी उतरवणं) नीट झालं. ऑटोनिंजा (बिल्ड चालवणारी कमांड) रात्रभर चालतो आणि लिंकिंगला, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडायला, पोचला की नुसतं 'किल्ड' म्हणून बंद. ब्लिंक या क्रोमियमच्या पानं दाखवणाऱ्या इंजिनातला सीएसएसचा एक बग सोडवायचाय. रॅम वाढवण्यावाचून इलाज नाही का?

लिंकरवाला:
'किल्ड' म्हणजे मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारली. डीमेसेजमध्ये (कर्नलचा लॉग) नोंद दिसेल. मूळ दुखणं डीबग सिम्बॉल्सचं (डीबगरसाठी बायनरीत भरलेली माहिती). जीएन आर्ग्जमध्ये (बिल्डची सेटिंग्ज) 'इझ_डीबग' फॉल्स, 'इझ_कंपोनंट_बिल्ड' ट्रू, 'सिम्बॉल_लेव्हल' आणि 'ब्लिंक_सिम्बॉल_लेव्हल' दोन्ही ०. कंपोनंट बिल्डमध्ये एक अगडबंब बायनरी न होता बऱ्याच शेअर्ड लायब्ररी होतात, त्यामुळे एक फाइल बदलली की तेवढीच लायब्ररी पुन्हा लिंक होते. 'डीचेक_ऑल्वेज_ऑन' (कोडमधल्या अंतर्गत तपासण्या) मात्र ट्रू ठेवा, नाहीतर तुमच्याकडे चाललेला पॅच बॉट्सवर, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या प्रोजेक्टच्या मशिनवर, आपटेल. तरीही मेला तर एकावेळचे जॉब्स ४ वर आणा, १६ जीबी स्वॅप (डिस्कवरची जादा मेमरी) द्या.

आणि अख्खा क्रोम कशाला बांधताय? ब्लिंकच्या कामाला 'कंटेंट_शेल' (क्रोमच्या यूआयशिवायचा छोटा ब्राउझर) पुरतो. वेब टेस्ट चालवायच्या वेळी 'ब्लिंक_टेस्ट्स' टार्गेट घ्या.

अर्धविराम:
फायरफॉक्सकडे या की. तिथल्या माक या बिल्ड टूलच्या बूटस्ट्रॅपमध्ये आर्टिफॅक्ट मोड निवडला की तयार बायनरी उतरतात, काही मिनिटांत काम सुरू.

लिंकरवाला:
ते जावास्क्रिप्ट आणि ब्राउझरच्या वरच्या यूआयपुरतं. तिथलंही सीएसएस इंजिन रस्ट आणि सी++ मध्ये आहे, म्हणजे पूर्ण बिल्ड आलाच.

खटपट्या:
कंटेंट शेल उभा राहिला! पॅच पाठवण्याआधी काय बघू?

गेरिटकर:
सीएलए (कोड देणाऱ्याने करायचा परवाना करार) सही करा, 'ऑथर्स' फाइलमध्ये नाव त्याच पॅचमध्ये घाला. सही राहिली तर पॅच सबमिट होत नाही. टेस्ट 'एक्स्टर्नल/डब्ल्यूपीटी' फोल्डरमध्ये लिहा. तिथली टेस्ट आपोआप वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्सच्या मूळ रेपोत जाते आणि बाकीचे ब्राउझरही ती चालवतात. मग 'गिट सीएल फॉरमॅट' (कोड नीट मांडायला), 'गिट सीएल अपलोड' (पॅच रिव्ह्यूला चढवायला). रिव्ह्यूअर 'गिट सीएल ओनर्स'ने शोधा. तुम्ही कमिटर (प्रोजेक्टने कोड घालण्याचा हक्क दिलेला माणूस) नाही, म्हणून दोन कमिटरांची मंजुरी लागेल. ट्राय बॉट्सचा (पॅच आधी तपासणारे बॉट्स) हक्कही नसणार, तेव्हा ड्राय रन (सबमिट न करता बॉट्सवर चाचणी) लावायला रिव्ह्यूअरलाच सांगा.

रोज रीबेस (तुमचा बदल ताज्या कोडवर पुन्हा बसवणं) करू नका. हेडर बदलले की हजारो फाइली पुन्हा कंपाइल होतात, तुमच्या मशिनवर दिवस गेला. पाठवण्याआधी एकदा पुरे. रीबेसनंतर जीक्लायंट सिंक विसरलात तर 'डेप्स' फाइलमध्ये नोंदलेल्या बाहेरच्या लायब्ररी जुन्याच राहतात आणि ज्या फाइलला हातही लावला नाही तिथे एरर येते.