जुन्या ट्रॉलीच्या चाकाचे बेअरिंग : क्रमांक पुसला गेला असेल तर सुटे भाग कसे जुळवावेत?

ऊसउत्पादक, वाळवा तालुका

सर्वांना नमस्कार. वडिलांच्या काळात गावातच बांधून घेतलेली आमची दोन चाकी ट्रॉली आजही उसाच्या वाहतुकीला लागते. गाळप हंगामाआधी ग्रीस बदलावे म्हणून डावे चाक खोलले, तेव्हा बाहेरच्या बाजूचे टेपर (तिरप्या रोलरांचे) बेअरिंग निळसर पडलेले दिसले, ऑइल सील (ग्रीस अडवणारी रबरी कडी) फाटलेले होते आणि कॅसल नटात (खाचांच्या नटात) कॉटर पिनेऐवजी (नट फिरू नये म्हणून घालायच्या दुमडत्या पिनेऐवजी) चक्क वाकवलेला खिळा होता. बेअरिंगवरचा क्रमांक झिजून गेला आहे. दुकानात नमुना दाखवला, तेव्हा त्यांनी नुसत्या नजरेने ‘हे पंचेचाळीसचे’ असे सांगून ३०२०९ क्रमांकाचे बेअरिंग दिले. घरी आणल्यावर त्याचा कोन (रोलर असलेले आतले कडे) ॲक्सलवर खडखडतो, आणि कप (बाहेरचे कडे) मात्र हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) शिरतच नाही. दुकानदारांचे म्हणणे असे की ॲक्सल झिजला आहे, त्यावर पंच मारून घ्या आणि हब लेथवर थोडा मोठा करा. तसे करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. पिन, सील आणि ग्रीसची टोपी यांसारखे किरकोळ भाग कोठे व कोणत्या मापाने मागावेत, हेही कळावे.

ट्रॅक्टर दुरुस्ती, पंढरपूर

दुकानदार चुकीचे सांगत नाहीत. सैल ॲक्सलवर छिन्नीने किंवा पंचाने खुणा उठवून कोन घट्ट बसवणे ही आमच्या भागातली नेहमीची पद्धत आहे आणि एखादा हंगाम त्यावर निभावतो. हब मोठा करण्याच्या भानगडीत मात्र पडू नका.

निवृत्त फिटर, कोल्हापूर

पंच मारण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रॉलीच्या चाकात हब फिरतो आणि ॲक्सल स्थिर असतो, त्यामुळे कप हबमध्ये ठोकून घट्ट बसवावा लागतो, पण कोन ॲक्सलवर हाताने सरकेल इतकाच ठेवलेला असतो. तो हाताने निघाला म्हणजे ॲक्सल झिजला, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. आपल्या तक्रारीतली खरी खूण वेगळीच आहे : आतून सैल आणि बाहेरून मोठे. केवळ झीज असती, तर बेअरिंग आतून सैल झाले असते, पण बाहेरून मोठे ठरण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणजे बेअरिंगच चुकीचे आले आहे.

मेट्रिक मालिकेत शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतला व्यास मिळतो, म्हणून ३०२०९ चा व्यास ४५ मिमी. बाहेरचा व्यास ८५ मिमी. आता व्हर्नियर कॅलिपर घेऊन ॲक्सल आणि जुन्या कपाचा बाहेरचा व्यास मोजा. ॲक्सल मोजताना नटाच्या बाजूची, कधी कोन न घासलेली कोरी जागा शोधा, कारण झिजलेल्या जागेचे माप फसवते. पट्टीने किंवा दोऱ्याने मोजू नका. इथे अर्ध्या मिलिमीटरचाच प्रश्न आहे. आकडे इथे लिहा.

सीलचे माप तीन आकड्यांत सांगतात : ज्यावर सीलचा ओठ (आतली रबरी कडा) घासतो तो व्यास, हबमधल्या खोबणीचा व्यास आणि जाडी. फाटलेल्या सीलवरून आतला व्यास घेऊ नका, कारण रबर ताणलेले असते. ॲक्सलवर ओठाने खाच पाडली असेल, तर नवे सील एक-दोन मिलिमीटर कमी खोल ठोका, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर फिरेल. स्प्रिंगची बाजू आत, ग्रीसकडे असावी. कॉटर पिन हार्डवेअरच्या दुकानात जाडी व लांबी सांगून सुट्या मिळतात. भोकात ढिली न राहणारी घ्या आणि एकदा काढलेली पिन पुन्हा वापरू नका. खिळ्याबद्दल काय बोलावे!

बोट ट्रेलरवाला, ह्यूस्टन

इकडे छोट्या ट्रेलरांची बहुतेक बेअरिंगे इंची मापाची असतात आणि त्यांत कोनाचा व कपाचा क्रमांक स्वतंत्र असतो. माझ्या ट्रेलरच्या बाहेरच्या बेअरिंगचा कोन एल ४४६४९ आणि कप एल ४४६१० आहे. तुमच्या ट्रॉलीला एखाद्या जुन्या वाहनाचा ॲक्सल बसवलेला असेल, तर तिथेही इंची माप निघू शकते.

ऊसउत्पादक, वाळवा तालुका

मोजले. नटाजवळच्या कोऱ्या जागी ॲक्सल ४४.४ मिमी आहे, कप ८२.९ मिमी. वडिलांना विचारले असता त्यांना फक्त एवढेच आठवते की ॲक्सल भंगारातून आणला होता.

निवृत्त फिटर, कोल्हापूर

मग ह्यूस्टनच्या सद्गृहस्थांचा अंदाज बरोबर आहे. पावणेदोन इंच म्हणजे ४४.४५ मिमी. त्या व्यासाचा २५५८० हा कोन आणि त्याच्या जोडीचा ८२.९३ मिमीचा २५५२० हा कप नेहमीच्या चलनातले आहेत. दोन्ही क्रमांक कागदावर लिहून मागा. इंची बेअरिंगमध्ये कोन आणि कप वेगवेगळे विकले जातात, आणि जुन्या कपात नवा कोन बसवण्याची काटकसर अंगलट येते. रुंदी जुन्या नमुन्याशी ताडून मगच पैसे द्या. तालुक्यात मिळाले नाही, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करावी. नटाचे आटेही इंची असण्याची शक्यता आहे, त्यामुळे मेट्रिक नट जबरदस्तीने फिरवू नका.

बसवताना चाक फिरवत ठेवून नट घट्ट करा, म्हणजे रोलर नीट बसतील. मग तो पूर्ण सैल करून नुसत्या बोटांनी टेकवा आणि पिन घाला. भोक समोर येत नसेल, तर नट पुढच्या खाचेपर्यंत सैल करावा, आवळू नये. आपले बेअरिंग निळे पडले ते तापून, आणि अति आवळलेला नट हे त्याचे नेहमीचे कारण असते. जुने ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन काढा, कारण दोन जातींची ग्रीसे एकत्र आली की कधी कधी पातळ होऊन वाहतात.

ट्रॅक्टर दुरुस्ती, पंढरपूर

पंचाचा माझा सल्ला या प्रकरणात मागे घेतो. मात्र उजवे चाकही मोजा. भंगारातले ॲक्सल दोन्ही बाजूंना सारखे असतीलच असे नाही.

ऊसउत्पादक, वाळवा तालुका

कोन आणि कप सांगलीत मिळाले, कोन हाताने सरकून बसला आणि कप लाकडी ठोकळ्यावर ठोकत बसवला. उजवे चाक खोलले, तर तिथे खरोखरच ३०२०९ निघाले, म्हणजे दुकानदारांनी परत न घेतलेले ते बेअरिंग वाया गेले नाही. दोन्ही बाजूंचे क्रमांक ट्रॉलीच्या चौकटीवर आतून रंगाने लिहून ठेवले आहेत. ग्रीसची टोपी कोठेच मापात सापडली नाही, तेव्हा गावातल्या टर्नरकडून पाइपच्या तुकड्याला पत्र्याची चकती लावून करून घेतली. ती हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसते.