सातपैकी किती? दोन्ही उत्तरं बरोबर, पण मधलं एक वाक्य नाही

रविवारची मास्तरीण

नमस्कार मंडळी. कराडजवळ एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. रविवारी सकाळी घरीच नववी ते अकरावीच्या सात पोरांना ऑलिंपियाडची गणितं घेऊन बसवते. फी नाही, वर पोहे मिळतात, त्यामुळे हजेरीची चिंता नसते. चिंता तपासण्याची आहे.

गेल्या रविवारी २००८ च्या माद्रिदच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधला चौथा प्रश्न दिला, दीड तास वेळ. (इथे इंग्रजी अक्षरं मिसळली की ओळ उलटीपालटी होते, म्हणून सगळं मराठी अक्षरांत लिहिते. आमच्या लहानपणी बीजगणितात ‘क्ष’ होताच की.)

फ हे फंक्शन धन वास्तव संख्या घेतं आणि धन वास्तव संख्याच देतं. क, ख, ग, घ धन असून कख = गघ असेल तेव्हा दर वेळी

[फ(क)² + फ(ख)²] ÷ [फ(ग²) + फ(घ²)] = (क² + ख²) ÷ (ग² + घ²)

अशी सगळी फ शोधा.

उत्तरं दोन: फ(क्ष) = क्ष आणि फ(क्ष) = १/क्ष.

तीन वह्यांवर अडले आहे. अकरावीतल्या एका मुलीने चारही ठिकाणी १ घालून फ(१) = १ काढलं. मग क = त, ख = १, ग = घ = √त घेऊन, छान अवयव पाडून

(त·फ(त) − १)(फ(त) − त) = ०

इथवर आली आणि पुढे लिहिलं, “म्हणून फ(त) = त किंवा फ(त) = १/त.” दोन्हींचा ताळाही करून दाखवला. खाली दोन रेघा. अक्षर मोत्यासारखं. मी सात गुणांपैकी ५ दिले.

दहावीतल्या मुलाने याच्या पुढचा भाग, म्हणजे दोन्ही प्रकार एकाच फंक्शनमध्ये मिसळू शकत नाहीत हे, खाडाखोड करत का होईना पण नीट दाखवलं. ताळा मात्र केला नाही. त्याला ६. आणि नववीतल्या एकाने नुसती दोन उत्तरं लिहून ताळा केला, बाकी काही नाही. त्याला २ दिले, खरं तर कीव आली म्हणून.

आता मुलगी म्हणते, “मॅडम, त्याचा ताळा नाही तरी सहा, माझी दोन्ही उत्तरं बरोबर आणि ताळाही आहे तरी पाच, असं कसं?” आणि मला मनातून शंका येते आहे की पाचसुद्धा जास्तच झाले. जाणकारांनी सांगावं.

सांगलीचा बाबा

मॅडम, मी पालक या नात्याने बोलतो, गणितातला नाही. उत्तर बरोबर, पायऱ्या बरोबर, ताळा बरोबर. बोर्डात हिला पैकीच्या पैकी मिळाले असते. पायरीला गुण हीच पद्धत बरी नाही का? पोरं नाउमेद होतात हो.

जुना तपासनीस

सांगलीकर, बोर्डाची पद्धत बोर्डासाठी ठीकच आहे. तिथे लाखो वह्या, तपासणारे हजारो, आणि रीत आधीच शिकवलेली. कुठली पायरी यायला हवी हे आधी ठरलेलं असतं, म्हणून तिला गुण लावता येतात. इथे रीतच पोराने शोधायची असते. चुकीच्या वाटेवर दहा सुंदर पायऱ्या चालला, तर त्या दहांचं काय करायचं?

मास्तरीणबाई, मी निवृत्त प्राध्यापक. विभागीय पातळीच्या वह्या बरीच वर्षं तपासल्या, एका खोलीत, एका फ्लास्कच्या चहावर. आमच्या खोलीतला नियम असा होता की पहिल्या वाचनात हातात पेन धरायचं नाही. नुसतं वाचायचं आणि एकच ठरवायचं: ही सुटलेल्या गणिताची वही आहे की न सुटलेल्या? सुटलेली असेल तर सातवरून खाली यायचं, बारीकसारीक भोकांना एखाद-दुसरा गुण कापत. सुटलेली नसेल तर शून्यावरून वर चढायचं, आणि चढताना हात आखडता ठेवायचा. म्हणून तीन-चार हे आकडे कमी दिसतात. कोणी चार दिले की मी वही परत मागवायचो. चार म्हणजे बहुधा तपासणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं.

आता तुमच्या मुलीची वही. सुटलेली आहे का? माझ्या मते नाही.

तिने जे सिद्ध केलं ते असं: प्रत्येक त साठी, फ(त) हे त असेल किंवा १/त असेल. तिने जे लिहिलं ते असं: प्रत्येक त साठी फ(त) = त, किंवा प्रत्येक त साठी फ(त) = १/त. ही दोन वाक्यं एक नाहीत. वर्गात प्रत्येक पोराकडे निळं किंवा काळं पेन आहे, यावरून सगळ्या वर्गाकडे निळी पेनं आहेत किंवा सगळ्या वर्गाकडे काळी, असं म्हणाल का?

हे तिला पटवायला सोपं उदाहरण द्या. फ(क्ष)² = क्ष² हे सगळ्या वास्तव संख्यांसाठी खरं असेल तर फ कोणतं? ती पटकन म्हणेल, क्ष किंवा −क्ष. मग विचारा, केवल मूल्य कुठे गेलं? शून्याच्या उजवीकडे क्ष, डावीकडे −क्ष. आणि तेच एक नाही, प्रत्येक संख्येला वेगळं चिन्ह लावून अगणित फंक्शनं होतात.

या प्रश्नाचा जीव त्या मिसळीत आहे. फ(१) = १ आणि ते अवयव, हे सराव असलेल्या पोराला वीस मिनिटांत येतं. पुढचं येत नाही, कारण पुढे काही आहे हेच दिसत नाही. तुमच्या खाडाखोड करणाऱ्या पोराला दिसलं. म्हणून त्याचे सहा अगदी योग्य. ताळा नसल्याचा एक गुण गेला, कारण ‘सगळी शोधा’ म्हटलं की दोन कामं असतात: हीच आहेत, दुसरी नाहीत, हे दाखवायचं आणि ही खरोखर चालतात हेही दाखवायचं. दुसरं काम दोन ओळींचं का असेना, ते करावंच लागतं.

मुलीला मी ३ देईन, त्यातला एक ताळ्याचा. नववीतल्याला १. कीव खिशात ठेवा.

सांगलीचा बाबा

पेनाचं कळलं. तरी पाचावरून एकदम तीन म्हणजे जरा कडकच.

कोथरूडचा कोडर

कडक कसलं! मी अकरावीत असताना एक असमानता ‘सोडवली’ होती. शेवटचं विधान पहिल्या ओळीत लिहिलं, दोन्ही बाजूंचा वर्ग केला, काटाकाट केली, शेवटी काहीतरी वर्ग ≥ ० आलं, आणि खाली ‘जे खरं आहे, म्हणून सिद्ध’. मिळाला भोपळा. महिनाभर त्या तपासणाऱ्याला शिव्या घातल्या.

नंतर एकाने कागदावर लिहून दाखवलं: −३ = ३ असं माना, वर्ग करा, ९ = ९, जे खरं आहे, म्हणून सिद्ध. तोंड बंद झालं.

दहावीच्या भूमितीत आपण ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ असे तीन मथळे पाडायचो ना, त्याची तेव्हा थट्टा करायचो. साध्य हे पक्षात घ्यायचं नसतं, एवढं त्या तीन शब्दांत होतं. बीजगणितात कोणी ते मथळे पाडायला लावले नाहीत आणि मी नेमकं तिथेच माती खाल्ली.

प्रश्न तपासनीस सरांना: माझ्या वहीतल्या पायऱ्या उलट्या वाचता येत असत्या तर?

जुना तपासनीस

तर ती सुटलेल्या गणिताची वही. प्रत्येक ठिकाणी ‘तरच आणि तेव्हाच’ किंवा दुहेरी बाण हवा, आणि जिथे वर्ग केला तिथे ‘दोन्ही बाजू धन आहेत’ हे चार शब्द. ते शब्द नसले आणि दोन्ही बाजू धन आहेत हे उघड असलं, तर मी एक कापायचो. माझे एक सहकारी काहीच कापायचे नाहीत. यावरून चहा गार व्हायचा.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत हा वाद टेबलावर होतो. दोन दिवस, रोज साडेचार तासांत तीन प्रश्न, प्रत्येकी सात, एकूण बेचाळीस. मुलं आपापल्या भाषेत लिहितात. मग त्या देशाचा प्रमुख आणि उपप्रमुख एका बाजूला, यजमान देशाने नेमलेले समन्वयक दुसऱ्या बाजूला, मध्ये वही. प्रमुख आपल्या पोरासाठी भांडतो, पण जे लिहिलंय त्याच्याच जोरावर. ‘त्याला हे नक्की माहीत असणार’ हे वाक्य तिथे चालत नाही. मुलीला हेच सांगा: तुझी बाजू मांडायला मी बसले, तर वहीतल्या कुठल्या ओळीवर बोट ठेवू?

रविवारची मास्तरीण

सर, ही बोट ठेवायची कल्पना मी चोरणार.

एक तक्रार मात्र करते. दोष एकट्या पोरांचा नाही. पहिली चाळणी आयओक्यूएमची, म्हणजे आपल्याकडच्या गणित ऑलिंपियाडच्या पात्रता परीक्षेची, तिथे तीन तासांत तीस प्रश्न, उत्तर पूर्णांकात, आणि गोळे काळे करायचे. वर्षभर पोरं त्याचीच तयारी करतात. ‘उत्तर आलं’ म्हणजे ‘गणित सुटलं’ हे डोक्यात पक्कं बसतं. मग आरएमओला, म्हणजे पुढच्या विभागीय ऑलिंपियाडला, सहा प्रश्न समोर येतात आणि पहिल्यांदाच कोणी म्हणतं, वाक्यं लिहा. माझ्या सातांतली चार पोरं ‘समजा’ हा शब्द लिहायला लाजतात. एकाने विचारलं, “मॅडम, गणितात मराठी किती लिहायचं?”

कोथरूडचा कोडर

‘गणितात मराठी किती लिहायचं’ हे पाटीवर लिहून दारावर लावा.

जुना तपासनीस

पहिली चाळणी तशी असण्याला इलाज नाही, एवढ्या पोरांच्या सिद्धता वाचणार कोण? पण तयारीचा एक सोपा उपाय आहे. तपासायला तुम्ही बसू नका. पोरांनाच एकमेकांच्या वह्या द्या, नावं झाकून, आणि लेखकाला बोलायची बंदी. दुसऱ्याच्या वहीतलं भोक पोरांना लगेच दिसतं, स्वतःच्यातलं नाही. आमचंही तसंच होतं.

रविवारची मास्तरीण

कालचा वृत्तांत देते, कारण मला राहवत नाही.

वह्या अदलाबदल केल्या. मुलीची वही आली खाडाखोडवाल्याकडे. त्याने दहा मिनिटं वाचली, मान वर केली आणि म्हणाला, “समजा फ(२) = २ आणि फ(३) = १/३. मग?” लेखकाला बोलायची बंदी होती, तरी ती बोललीच: “असं नाही होणार.” तो म्हणाला, “तुझ्या वहीत कुठे लिहिलंय असं होणार नाही म्हणून?”

मी पोह्यांकडे गेले. परत आले तर ती फळ्यापाशी. क = २, ख = ३, ग = घ = √६ घातलं होतं.

(४ + १/९) ÷ २फ(६) = १३/१२

त्यातून फ(६) = ७४/३९ आलं. ती त्या आकड्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच म्हणाली, “पण फ(६) तर सहा नाहीतर एक षष्ठांश हवं.” दोनदा भागाकार तपासला. ७४/३९ च.

मग तिने फळा पुसला आणि २ च्या जागी ब, ३ च्या जागी भ लिहिलं. फ(ब) = ब आणि फ(भ) = १/भ धरलं. फ(बभ) = बभ घेतलं तर भ⁴ = १ येतं, म्हणजे भ = १. फ(बभ) = १/बभ घेतलं तर ब⁴ = १, म्हणजे ब = १. दोन्हीकडे विसंगती. एकाही आकड्याला हात न लावता सगळं पंधरा मिनिटांत, आणि पोहे थंड.

जुन्या वहीवर मी पाच खोडून तीन केले. ती काही बोलली नाही. नवीन कागदावर सगळं परत लिहून आणलं, ताळ्यासकट, आणि टेबलावर ठेवून उभी राहिली.

सर, पेन खाली ठेवून वाचलं. सुटलेल्या गणिताचा कागद आहे. फक्त ब आणि भ हे १ का नाहीत, ते तिने कुठेच लिहिलेलं नाही. विसंगती येते ती त्यावरच ना?

जुना तपासनीस

त्यावरच. फ(१) = १ असल्यामुळे १ दोन्ही गटांत बसतो. ब असा निवडायचा की फ(ब) हे १/ब नाही, आणि भ असा की फ(भ) हे भ नाही. मग दोन्ही आपोआप १ पासून वेगळे. एक ओळ.

किती दिलेत?

रविवारची मास्तरीण

सहा. तिने कागद उचलला, ती ओळ शोधली, आणि म्हणाली, “इथे बोट ठेवायला काही नाहीये.” पुढच्या रविवारी भूमिती घेणार आहे. खाडाखोडवाला आत्ताच विचारतोय, आकृती चुकीची काढली तर किती कापणार.