साबणासाठी वापरलेला हँड ब्लेंडर परत स्वयंपाकात घ्यावा का? मदत हवी आहे

जरा सविस्तर लिहिते, कारण नेमकं काय झालंय ते कळल्याशिवाय कुणी नीट सांगू शकणार नाही.

गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच कोल्ड प्रोसेस साबण (म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी न शिजवता एकत्र करून) केला. तेलं ५०० ग्रॅम, त्यात खोबरेल ३० टक्के आणि बाकी ऑलिव्ह. कॉस्टिक सोडा साधारण ७० ग्रॅम, सुपरफॅट (सोड्याशी न जुळता साबणात उरणारं तेल) ५ टक्के. शेवटी लॅव्हेंडर तेल घातलं. सुरुवातीला चमच्याने ढवळत होते. पाऊण तास झाला तरी मिश्रण पातळच आणि ढवळणं थांबवलं की तेल वर येतंय. हात भरून आला, तेव्हा स्वयंपाकघरातला हँड ब्लेंडर घेतला. तीन मिनिटांत ट्रेस आला, म्हणजे मिश्रण दाटसर होऊन एकजीव झालं. साबण सुंदर झालाय, त्याबद्दल काही विचारायचं नाहीये.

विचारायचंय ते ब्लेंडरबद्दल. तो मी लगेच गरम पाण्याने, भांडी घासायच्या साबणाने तीनदा धुतला, वाळवला आणि नेहमीच्या जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने सूप घुसळायला तो हातात घेतला आणि मी एकदम "थांब!" म्हणून ओरडले. का, ते मात्र मला तिला धड सांगता येईना. मग वास घेऊन पाहिला, तर पात्याशी लॅव्हेंडरचा वास येत होता. पातं ज्या मधल्या दांड्यावर फिरतं तिथल्या फटीत टूथपिक घातली, तर पांढरं मऊ काहीतरी निघालं.

ब्लेंडरचा खालचा भाग स्टीलचा आहे आणि मोटरपासून सुटा होतो. आता हा परत स्वयंपाकात घेता येईल का? नसेल, तर फक्त खालचा दांडा दुसरा आणून मोटर तीच ठेवली तर? आणि व्हिनेगरने धुतला तर सोडा मरतो असं एकीने सांगितलं, ते खरं का?

आई रोज वापरते हो तो. म्हणून नुसतं "बहुतेक चालेल" असं नको, कारणासकट सांगा.

प्रतिसाद १

आईला थांबवलंत ते फार बरं केलंत.

पहिली गोष्ट, तो भाग नक्की स्टीलचाच आहे ना, याची खात्री करा. काही ब्लेंडरांचा दांडा किंवा पात्यावरची टोपी ॲल्युमिनियमची असते आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं. लोहचुंबकावर विसंबू नका, कारण चांगल्या स्टीललाही तो बऱ्याचदा चिकटत नाही. माहितीपत्रकात पाहा. ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्यात विरघळतं आणि हायड्रोजन वायू सुटतो. तसं असतं तर मिश्रणात बुडबुडे आले असते आणि धातू काळवंडून खरखरीत झाला असता. तसला ब्लेंडर साबणालाही चालत नाही, पातेलंही नाही.

प्रतिसाद २

रसायनाच्या बाजूने सांगतो, कारण यात भीती आणि खरा धोका यांची गल्लत होते.

स्टील कॉस्टिक सोडा पिऊन बसत नाही. दूध प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांत स्टीलच्या टाक्या आणि नळ्या सोड्याच्याच सौम्य द्रावणाने धुतात, मग पाण्याने खळबळून त्यातच दूध येतं. शिवाय तुमचं माप बरोबर असेल तर फटीत अडकलेल्या मिश्रणातला सोडाही एक-दोन दिवसांत तेलाशी जुळून जवळजवळ संपतो. टूथपिकवर आलं तो बहुधा साबणच. पण ताजं मिश्रण अडकलेला ब्लेंडर त्याच संध्याकाळी स्वयंपाकात गेला, तर तिथे सोडा शिल्लक असतो. तुमची "थांब" ही हाक योग्यच होती.

कारखान्यातल्या नळीत आणि तुमच्या ब्लेंडरात फरक फटीचा आहे. पात्याच्या मागे दांडा जिथून आत जातो तिथे वॉशर असतो. पातं जोरात फिरताना पातळ मिश्रण तिथून थोडं वर चढू शकतं. ती जागा घरी उघडता येत नाही. तुम्ही बाहेरून तीनदा काय, दहादा धुतलात तरी ब्रश तिथे पोचत नाही. आणि पुढच्या वेळी गरम सूप त्याच फटीतून आत जाऊन परत बाहेर येतं.

एक करून पाहा. एका ग्लासात स्वच्छ गरम पाणी घ्या, ब्लेंडर त्यात मिनिटभर फिरवा आणि पाणी पाहा. फेस आला तर आत साबण आहे. पाणी बदलून परत करा.

प्रतिसाद ३

मी इतकी वर्षं एकच ब्लेंडर दोन्हीकडे वापरतेय, कुणाला काही झालं नाही. धुवायचं नीट, बस. उगाच दोन-दोन वस्तू कशाला?

प्रतिसाद ४

ताई, तुम्ही सुगंध आणि रंग घालता का? बिनवासाचा, बिनरंगाचा साबण करत असाल तर तुमचं म्हणणं मी समजू शकते. पण साबणात घालायची सुगंधी तेलं खाण्यासाठी बनवलेली नसतात आणि ती प्लॅस्टिकमध्ये, रबरात मुरतात. लवंगेच्या तेलाने तर काही प्लॅस्टिक मऊ पडतं. सोडा धुऊन निघेल, मुरलेला वास निघत नाही. धागाकर्तीला लॅव्हेंडर येतोय तो तिथूनच.

दुसरं, तुम्ही धुता तेव्हा कसं धुवायचं ते तुम्हाला ठाऊक असतं. घरातल्या बाकीच्यांना ठाऊक नसतं. माझ्याकडे साबणाच्या ब्लेंडरच्या मुठीवर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, वायरवरही आहे, आणि तो साबणाच्या पातेल्यासोबत वेगळ्या डब्यात असतो. स्वयंपाकघरात येतच नाही. लहान मुलालासुद्धा कळतं की लाल पट्टीला हात लावायचा नाही.

धागाकर्ती

ग्लासची चाचणी केली. पहिल्या पाण्यात भरपूर फेस. दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात वाटलं संपलं, पण पाणी बदलून जरा जास्त वेळ फिरवला तर परत कडेने बारीक फेस आला. म्हणजे चौथ्यांदाही! तीनदा घासून धुतलेला ब्लेंडर आहे हा. आईला दाखवलं, ती म्हणाली, "ठेव बाई तुझ्याकडेच."

माहितीपत्रकात स्टील लिहिलंय, ॲल्युमिनियम कुठे नाही. तेव्हा साबणाला हाच ठेवते. दांड्याचं आणि व्हिनेगरचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद २

मोटर तीच आणि दांडे दोन, हे कागदावर ठीक वाटतं. पण साबण करताना तुमचे हातमोजे सोड्याने माखलेले असतात आणि त्याच हाताने तुम्ही मूठ धरता, बटण दाबता. दांडा मोटरला अडकतो त्या खाचेतही शिंतोडे जातात. मोटर पाण्याखाली धरता येत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते इतकंच. मी तसं करणार नाही. करायचंच असेल तर प्रत्येक वेळी मूठ आणि खाच दोन-तीनदा पुसावी लागेल, आणि दोन सारखे दिसणारे दांडे घरात असणं हाच मोठा घोटाळा. घाईत कुणीही चुकीचा उचलेल.

जुना ब्लेंडर साबणाला, नवा स्वयंपाकाला. एकदा साबणाकडे गेलेला परत येत नाही, एवढा एकच नियम ठेवा.

प्रतिसाद ४

व्हिनेगर नको. साबणावर आम्ल पडलं की साबण फुटून त्यातली चरबी मोकळी होते. तो चिकट पांढरा थर नुसत्या पाण्याने जात नाही, म्हणजे काम वाढतं. आणि कातडीवर सोडा उडाला तर व्हिनेगर अजिबात लावू नका. वाहत्या पाण्याखाली निदान १५-२० मिनिटं धरायचं. डोळ्यात गेला तर पाण्याने धुतच डॉक्टर गाठायचा.

मी अशी करते: बंद केलेला ब्लेंडर कागदाने किंवा जुन्या फडक्याने शक्य तितका पुसून घेते, प्लग काढून. मग तसाच एक दिवस ठेवते. उरलेल्या मिश्रणाचा साबण झाला की गरम पाण्यात फिरवायचा, तो स्वतःच फेस करून निघतो. ताजं मिश्रण मोरीत ओतू नका, पाइपात घट्ट बसतं.

आणि एक विचारायचं राहिलं. डोळे झाकणारा सुरक्षा-चष्मा लावला होता का? ब्लेंडर पूर्ण बुडाल्याशिवाय सुरू करायचा नाही आणि पातं थांबल्याशिवाय वर काढायचा नाही. घालताना तिरका घालून भांड्याच्या तळाशी हलकेच ठोकायचा, म्हणजे टोपीखालची हवा निघते. नाहीतर साबणात बुडबुडे राहतात.

धागाकर्ती

चष्मा नव्हता लावला. हातमोजे होते. ट्रेस आला का पाहायला फिरता ब्लेंडर थोडा वर घेतला होता आणि मनगटावर एक थेंब उडाला होता, हातमोजा संपतो तिथेच. लगेच नळाखाली धरला, लाल झालं होतं, आता गेलं. तो थेंब डोळ्यात जाऊ शकला असता हे तुमचं वाचेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्या बाजूंनी बंद असणारा चष्मा आजच मागवला.

लाल चिकटपट्टी मुठीला आणि वायरला लावली. चमचा लाकडी वापरला होता, तोही साबणाच्या डब्यात टाकलाय. आता फक्त वजनकाटा उरतो. तो स्वयंपाकातलाच आहे, त्यावर भांडं ठेवून सोडा मोजला होता. तोही वेगळा लागेल का?

प्रतिसाद १

काट्याला फट नाही, पातं नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून वापरा आणि नंतर पिशवी टाकून द्या. सोड्याचे दाणे मात्र आजूबाजूला उडतात आणि हवेतलं पाणी ओढून ओले होतात. ओटा पुसताना हातमोजे काढू नका. लाकडी चमचा साबणालाही ठेवू नका, सोड्याने त्याचे तंतू सुटतात आणि कुसळं साबणात येतात. सिलिकॉनचा घ्या.