व्हल्नरेबिलिटीला निविदेत काय म्हणावं?

भांडुप पश्चिम
एका निविदेचा तांत्रिक भाग मराठीत करतेय. इंग्रजी अटीचा आशय असा: प्रत्यक्ष वापरात आणण्याआधी प्रत्येक कंटेनर इमेज (चालवायला तयार, बंद केलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा) स्कॅन करावी आणि तिच्यात क्रिटिकल किंवा हाय दर्जाची एकही व्हल्नरेबिलिटी (हल्लेखोराला आत शिरू देणारी कच्ची जागा) नसावी. मी लिहिलं, "प्रत्येक कंटेनर प्रतिमेची भेद्यता तपासणी करण्यात यावी व तीत अतिगंभीर वा गंभीर भेद्यता आढळू नये." खात्याकडून दोन शेरे आले. 'प्रतिमा'पुढे "कोणती छायाचित्रे?" आणि 'भेद्यता'पुढे "हिंदी शब्द, मराठी पर्याय द्यावा." असुरक्षितता, त्रुटी, कमकुवतपणा यांतलं काहीच नीट बसत नाही. सोमवारी मसुदा द्यायचाय.

जुनी पाटी
भेद्यता हिंदी कशी? 'अभेद्य तटबंदी' आपण बिनदिक्कत लिहितो. त्यातला 'अ' काढला की लगेच हिंदी? शेरा मारणाऱ्याला हे विचारा.
तरी मला विचाराल तर 'छिद्र' घ्या. संस्कृतात छिद्र म्हणजे नुसतं भोक नव्हे, शत्रूच्या हाती लागेल असं वैगुण्य. 'छिद्रेष्वनर्था बहुलीभवन्ति' हे शाळेत पाठ केलेलं असेल. आणि स्कॅनिंगसाठी शब्द तर आयता आहे: छिद्रान्वेषण.

खडीसाखर
पाटीकाका, छिद्रान्वेषी हे विशेषण आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मिठाचं प्रमाण काढणाऱ्यांना लावतात. "पुरवठादाराने छिद्रान्वेषण करावे" असं लिहिलंत तर पुरवठादार म्हणेल, ते तर खातंच करतंय.

न्हावा शेवा
भेद्यतेचं राहू द्या, आधी 'कंटेनर स्कॅनिंग'चं बघा. मुंबईत हे दोन शब्द एकत्र आले की आमच्या डोळ्यांसमोर कस्टम्सचं एक्सरे मशीन येतं. ट्रेलर आत जातो, पेटी न उघडता आतलं चित्र दिसतं. उद्या उरणचा एखादा वाहतूकदार ही निविदा भरायला आला तर त्याला दोष देऊ नका.

रूट यूजर
उपमा उलटी आहे, पण कामाची आहे. सॉफ्टवेअरचा स्कॅनर एक्सरे काढत नाही. तो पॅकिंग लिस्ट वाचतो.
इमेज म्हणजे एकावर एक रचलेले थर. ट्रिव्ही, ग्राइप, क्लेअर या स्कॅनरांपैकी कोणीही ते थर उलगडतो आणि आत बसवलेल्या पॅकेजची, म्हणजे सॉफ्टवेअरच्या तयार तुकड्यांची, नोंद शोधतो. डेबियन-उबंटू या लिनक्स वितरणांत ती डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामच्या स्टेटस फाइलीत असते, अल्पाइनमध्ये एपीकेच्या इन्स्टॉल्ड फाइलीत, रेड हॅट घराण्यात आरपीएमच्या डेटाबेसात. शिवाय एनपीएम, पायथन यांच्या बसवलेल्या पॅकेजसोबतच्या नोंदी आणि जावाचे जार (क्लास फाइलींचे गठ्ठे). यातून नाव आणि आवृत्ती अशी यादी होते. मग ती यादी माहीत असलेल्या दोषांच्या डेटाबेसशी जुळवली जाते. संपलं. कोड चालवून बघणं नाही, कुठे भोक आहे का हे चाचपणं नाही. म्हणून 'अन्वेषण' साफ चूक. 'तपासणी'सुद्धा जरा जास्तच कौतुक. मला 'पडताळणी' बरोबर वाटतो, कारण पडताळणे म्हणजे एकाशी दुसरं ताडून पाहणं, आणि इथे होतं तेवढंच.

जुनी पाटी
मग यादीत नाव नसलेली वस्तू?

रूट यूजर
दिसत नाही. डॉकरफाइलीत (इमेज बांधायच्या सूचनांच्या फाइलीत) 'कर्ल' या डाउनलोडच्या आज्ञेने एखादी तयार बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, ओढून बिन फोल्डरमध्ये टाकली की डीपीकेजीला तिचा पत्ताच नसतो. गो भाषेतल्या बायनरीत मॉड्यूलांची यादी आतच कोरलेली असते, त्यामुळे ती बहुतेक वेळा सापडते. पण तीच यूपीएक्स या आकार घटवणाऱ्या साधनाने दाबून ठेवली तर गेली. जावामध्ये एका जारच्या पोटात दुसऱ्याचे क्लास उकलून भरले आणि नाव-आवृत्ती सांगणारी पॉम प्रॉपर्टीज फाइल काढून टाकली की लॉगफोरजे ही नोंदी लिहिणारी लायब्ररीसुद्धा निसटू शकते. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यातला लॉगफोरशेल हा दोष निघाल्यावर लोकांनी क्लासच्या नावाने डिस्का धुंडाळल्या, त्या याचसाठी.

आधी वाच
शब्दांवर भांडताय, पण अटच चुकीची आहे तिकडे कोणी बघतंय का? 'एकही नसावी' ही अट पाळणं अशक्य आहे. डेबियन १२ वर काहीही बांधा, अहवालात झेडलिब या फाइल दाबणाऱ्या लायब्ररीसमोर सीव्हीई-२०२३-४५८५३ हा दोष-क्रमांक येतो. तीव्रतेचे गुण ९.८, म्हणजे क्रिटिकल (९.० ते १०.० क्रिटिकल, ७.० ते ८.९ हाय). आता मूळ दोष बघा. तो मिनीझिप नावाच्या जोडभागात आहे आणि डेबियन झेडलिबचं पॅकेज बांधताना मिनीझिप बांधतच नाही. म्हणून डेबियनचा शेरा, दुरुस्त करणार नाही. म्हणजे इमेजमध्ये तो कोड नाही, त्यावर सुधारित आवृत्ती येणार नाही आणि अहवालात लाल ओळ मात्र आहे. तुमच्या वाक्याप्रमाणे पुरवठादार नापास.
दुसरं, लिनक्स-लिबसी-डेव्ह. पायथन किंवा नोडची पूर्ण इमेज घेतली की कंपायलरच्या मागून हे पॅकेज येतं. त्यात कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नुसत्या हेडर फाइली असतात. स्कॅनर मात्र कर्नलचे सगळे दोष त्याच्या नावावर टाकतो. कंटेनर चालतो यजमान मशीनच्या कर्नलवर, त्यामुळे यातलं इथे काहीच लागू नाही. 'स्लिम' इमेज घेतली की ही रांग जाते.

खडीसाखर
म्हणजे 'एकही भेद्यता नसावी' यात भेद्यता गौण आणि 'एकही' हाच खरा घोळ.

आधी वाच
हो. आणि 'एकही' शब्दशः घेतलं की पुरवठादार काय करतो तेही सांगतो. डीपीकेजीची स्टेटस फाइल पुसतो. अहवाल कोरा, सगळे खूश. डिस्ट्रोलेस, म्हणजे वितरणाचा बहुतेक भाग गाळून लहान केलेल्या, इमेजमध्ये ती माहिती स्टेटस-डी नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि चांगले स्कॅनर ती वाचतात, ते वेगळं. पण मुद्दाम पुसलेली कोण वाचणार?

ठिगळराव
पॅचला, म्हणजे दोषावरच्या दुरुस्तीला, इथे अजून कोणी 'ठिगळ' म्हटलं नाही हे पाहून वाईट वाटलं. आमच्या नावाचं तरी सार्थक होऊ द्या.
आवृत्तीच्या आकड्यांबद्दल एक. उबंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ३.०.२ च राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मूळ प्रकल्पाने तिच्यातल्या दोषांवरची दुरुस्ती ३.०.७ मध्ये दिली, तर उबंटूने तीच मागे आणून ३.०.२-०उबंटू१.७ मध्ये बसवली. नुसता पुढचा आकडा बघणारा ऑडिटर म्हणतो, "३.०.७ नाही, म्हणजे दोष आहे." अशा वेळी स्कॅनर वितरकाच्या सूचना वाचतो की फक्त मूळ आवृत्ती ताडतो, हे अटीत यायला हवं. या मागे आणून लावलेल्या ठिगळाला मराठीत काय म्हणायचं ते जाणकारांनी सांगावं.

जुनी पाटी
'ठिगळ' म्हणजे गरिबी झाकणं. 'दुरुस्ती' हा सरळ शब्द असताना विनोद कशाला? आणि 'स्कॅन', 'इमेज', 'कंटेनर', 'पॅच' हे सगळं इंग्रजीच ठेवायचं असेल तर मराठीत निविदा काढायचं नाटक तरी का?

न्हावा शेवा
काका, तुम्हीच वर 'ऑडिटर' वाचून गप्प बसलात. आमच्या बंदरात चाळीस फुटी पेटीला हमालापासून साहेबापर्यंत सगळे कंटेनर म्हणतात. 'आधान' म्हटलं तर माल उतरणार नाही.

भांडुप पश्चिम
'कंटेनर' तसाच ठेवतेय, त्यावर शेरा नाही. प्रश्न 'प्रतिमा' आणि 'भेद्यता' एवढ्याचाच आहे.

रूट यूजर
इमेज म्हणजे वाचनापुरता गोठवलेला फाइलींचा संच आणि तो कसा सुरू करायचा याची माहिती. तिच्यावरून कितीही कंटेनर उभे करता येतात. त्या अर्थाने 'साचा' शोभतो.

ठिगळराव
साचा टेम्प्लेटला दिलाय ना आधीच? कंटेनर मांडणाऱ्या हेल्म या साधनाच्या टेम्प्लेटला मग काय म्हणणार, उपसाचा? इमेज असू द्या. मोबाइलवर रोज इमेज पाठवणाऱ्याला तो शब्द परका नाही.

खडीसाखर
तोच तर वांधा. रोज पाठवतो म्हणूनच साहेब छायाचित्रं मागतायत. शब्दाआधी 'सॉफ्टवेअर' लावा. सॉफ्टवेअर कंटेनर इमेज. आणि एकदाच व्याख्या द्या, पुढे नुसतं इमेज.

जुनी पाटी
छिद्र चालत नसेल तर 'मर्म' घ्या. दुर्योधनाची मांडी हे मर्म. बाकी अंग वज्राचं.

आधी वाच
दुर्योधनाचं मर्म एकच होतं, काका. आमच्या अहवालात पानं भरतात. शिवाय मर्म हा त्या वस्तूचा स्वभाव झाला. इथे दोष दुरुस्त करता येतो.
मी 'सुरक्षा दोष' लिहीन आणि त्यापुढे 'ज्ञात' न विसरता. कारण पडताळणी ज्ञात दोषांशीच होते. सकाळी स्वच्छ निघालेली इमेज संध्याकाळी लाल होते ती एकही बाइट न बदलता, कारण मधल्या वेळात यादी बदलली. ट्रिव्हीचा डेटाबेस दर सहा तासांनी नव्याने बांधला जातो. म्हणून अटीत 'तैनातीआधी एकदा' पुरत नाही, चालू इमेजचीही ठरावीक मुदतीने पडताळणी हवी. आणि डेटाबेस कोणत्या तारखेचा ते अहवालावर छापलेलं हवं. सरकारी डेटा सेंटरमध्ये बाहेरचं इंटरनेट नसतं. तिथे डेटाबेस वेगळा उतरवून आत न्यावा लागतो. 'अपडेट वगळा' हा पर्याय एकदा लावला की पुढे कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि महिनोन्‌महिने जुन्या यादीवर हिरवा शेरा मिळत राहतो.

ठिगळराव
हिरव्या शेऱ्याचा आणखी एक प्रकार: मुदत संपलेली वितरणं. सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली. त्यानंतर नव्या दोषांच्या सूचनाच निघत नाहीत, मग ताडायचं कशाशी? अहवाल जुन्या इमेजवर उलट आटोपशीर दिसतो. ट्रिव्ही एका ओळीत इशारा देतो, पण पीडीएफ करताना ती ओळ गळते.
आणि ट्रिव्ही दोष सापडले तरी मुळात शून्य एक्झिट कोड, म्हणजे 'सगळं ठीक' हा संकेत, देतो. पाइपलाइनमध्ये (बांधणीच्या आपोआप चालणाऱ्या साखळीत) 'एक्झिट-कोड १' स्वतः लावलं नाही तर क्रिटिकल असूनही बिल्ड पुढे सरकतं. 'स्कॅन केले' हे तेव्हाही खरंच असतं!

रूट यूजर
बिल्डचंही लिहा. 'अपग्रेड'ची ओळ डॉकरफाइलीत असली तरी तो थर कॅशमधून उचलला गेला तर दुरुस्त्या येत नाहीत. पुल (मूळ इमेज नव्याने ओढा) आणि नो-कॅश (जुने थर वापरू नका) लावून पुन्हा बांधायचं. आणि खालच्या थरात टाकलेलं पॅकेज वरच्या थरात काढलं तर यादीतून नाव जातं, बाइट खालीच राहतात. सिफ्ट हे पॅकेजची यादी काढणारं साधन मूळ सेटिंगमध्ये एकत्रित झालेलं शेवटचं रूपच बघतं. सगळे थर बघायला वेगळं सांगावं लागतं.

भांडुप पश्चिम
हे असं केलं तर?
"प्रत्येक सॉफ्टवेअर कंटेनर इमेजची ज्ञात सुरक्षा दोषांच्या अद्ययावत यादीशी पडताळणी करण्यात यावी. दुरुस्ती उपलब्ध असलेला अतिगंभीर वा गंभीर दोष शिल्लक नसावा. दुरुस्ती उपलब्ध नसलेल्या प्रत्येक दोषाबाबत लेखी कारण द्यावे."

आधी वाच
दुसरं वाक्य उत्तम. 'अद्ययावत'ऐवजी तास लिहा, चोवीस तासांपेक्षा जुनी नसलेली. तिसऱ्यात मोकळं कारण मागू नका, दोष खरंच लागू आहे का ते सांगणाऱ्या व्हेक्स या ठरावीक नमुन्याचे चार दर्जे वापरा: बाधित नाही, बाधित, दुरुस्त, तपास सुरू. 'बाधित नाही' म्हटलं की का ते सांगणं आलंच. दोषी कोड इमेजमध्ये नाही, की आहे पण चालण्याच्या वाटेवर येत नाही. झेडलिब पहिल्यात बसतो. आणि 'दुरुस्ती नसलेले लपवा' हा पर्याय लावून काढलेला अहवाल स्वीकारला जाणार नाही हेही टाका, नाहीतर तिसऱ्या वाक्याला कामच उरणार नाही.

खडीसाखर
'बाधित' वाचलं की मला अजून स्वॅबची रांग आठवते. 'लागू' आणि 'लागू नाही' म्हणा ना.

जुनी पाटी
'दोष' म्हणजे डिफेक्ट. डिफेक्ट आणि व्हल्नरेबिलिटी एक नव्हे. बटणाचा रंग चुकला तोही दोष. नवीन शब्द घडवायची हिंमत नाही म्हणून जुन्यावर दोन ओझी टाकायची! माझा 'सुरक्षाछिद्र'साठीचा आग्रह कायम आहे.

रूट यूजर
म्हणूनच 'सुरक्षा दोष' म्हटलंय, काका. नुसता दोष नाही.

जुनी पाटी
समास तरी जोडून लिहा. सुरक्षादोष.

ठिगळराव
जोडून लिहिलं की सुरक्षेचा दोष, म्हणजे वॉचमन झोपला, असं वाटतं.

न्हावा शेवा
एक शंका. आमच्या ऑफिसातली आयटीची मुलं "क्रिटिकल सीव्हीई आली" म्हणतात. वर 'आधी वाच' यांनी "सीव्हीई येतो" लिहिलंय. बरोबर काय?

आधी वाच
सीव्हीई म्हणजे दोषाचा क्रमांक, १९९९ पासून माइटर ही अमेरिकी संस्था चालवते त्या व्यवस्थेतून मिळतो तो. क्रमांक पुल्लिंगी, म्हणून सीव्हीई आला.

खडीसाखर
मग एफआयआर का दाखल झाली? तिलाही क्रमांक असतोच.

जुनी पाटी
एफआयआर दाखल 'झाला'. पेपरवाल्यांनी बिघडवलंय.